एजबार झाल्यावर आयुष्यात उरतं काय?

पेठेतून_परत: खुल्या गटाची ३८ ची मर्यादा नुकतीच ओलांडली, एमपीएससीचा विषय कायमचा संपला. राज्यसेवा, कम्बाईन, किती अटेम्प्ट ते विचारू नका. गावी येऊन भावाच्या शेतात लुडबूड करतोय. पैशाचं एक वेळ निभेल पण सकाळी उठायचं कशाला हेच कळत नाही, आयपीएल लावली तरी कोण जिंकलं याचं सोयरसुतक नाही. जो तो म्हणतो एन्जॉय कर. कसं? माझं मत, ध्येय गेलं की बाकी सगळा टाइमपास. खोडून दाखवा.

वऱ्हाडी_माणूस: अरे सरकारी पोस्ट म्हणजे ध्येय नव्हे! बाबा आमटे वकील होते, कुष्ठरोगी बघून आधी घाबरून पळाले, मग त्याचीच लाज वाटली आणि १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं. दुसऱ्यासाठी जग, अर्थ आपोआप सापडतो.

खडूस_काकू: ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला आनंदवन काय दाखवता, अजून दडपण येईल. माझा मुलगा याच चरकातून निघालाय. अभ्यासिका, मेस, टेस्ट सिरीज, सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नाला आला नाही, का तर "पोस्ट निघाल्यावर बघू". मजा करायची सवयच मोडते हो या पोरांची, आणि ती परत लावावी लागते. मूड आला की करीन म्हणाल तर येतच नाही, आधी करायला लागायचं मग मागून येतो, समुपदेशकही हेच करायला लावतात, रोज एक छोटी गोष्ट, वेळ ठरवून. आमच्याकडे व्हॉलीबॉल होतं. सुरुवातीला नुसता तोंड पाडून कोपऱ्यात उभा राहायचा.

पेठेतून_परत: काकू, व्हॉलीबॉलने अर्थ सापडतो?

खडूस_काकू: नाही सापडत. भूक लागते, झोप लागते. अर्थाचं नंतर बघ.

निशाचर: दोघांचंही पटलं नाही. उमेदीची वर्षं गेलीत त्याची, जरा दुःख करू द्या की, लगेच कामाला कशाला जुंपताय. आणि भाऊ, स्पष्ट विचारतो, कशातच रस नाही हे दोन आठवड्यांच्या वर रोज चाललंय का? झोप, भूक? मरायचे विचार? असेल तर ही चर्चा बाजूला ठेव, डिप्रेशन असू शकतं, डॉक्टरकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पेठेतून_परत: मरायचे विचार नाहीत. झोप मात्र गेलीय. लावतो फोन. वऱ्हाडी भाऊ, गावातल्या दोन पोरांना गणित शिकवतो, तेवढा तास बरा जातो हे खरं, पण पोरं पोलीस भरतीची आहेत, वाटतं मीच त्यांना आत ढकलतोय.

वऱ्हाडी_माणूस: मग तूच शिकव. प्लॅन बी ठेवा हे क्लासवाले सांगणारेत का?

खडूस_काकू: झालं, परत समाजसेवा याच्याच गळ्यात! आधी झोपू दे त्याला.