ठाण्यात १बीएचके की नाशिकला २बीएचके? खरंच एवढा फरक पडतो का

गोदाकाठचा_ठाणेकर
नमस्कार मंडळी, मूळचा नाशिकचा, सिडकोत वाढलो, गेली ९ वर्षं ठाण्यात भाड्याने राहतोय. ऑफिस ऐरोलीला, आठवड्यात २ दिवस जावं लागतं, बाकी घरून काम. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल म्हणून आता कुठेतरी टेकायचं ठरवलंय. घोडबंदर रोडला १बीएचके बघितला, ९० लाख सांगतायत. नाशिकला पाथर्डी फाट्याला काम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये २बीएचके ४४ लाखाला मिळतोय, तोही ठाण्यातल्यापेक्षा मोठा. आई म्हणते घरी ये आता, बायकोला वाटतं उद्या नोकरी बदलली तर नाशिकात काय मिळणार? दोघींचंही पटतं आणि तिथेच माझं अडकलंय. जे मुंबई सोडून आले त्यांनी कृपया खरं काय ते सांगा.

सातपूर_कॉलनी
आधी हप्ता काढ भाऊ, मग बाकीचं. २० टक्के स्वतःचे घातले तर ठाण्याला ७२ लाख कर्ज, नाशिकला ३५. साडेआठ टक्क्याने २० वर्षं धरलं तर लाखाला साधारण ८६८ रुपये पडतात, म्हणजे तिकडे महिन्याला ६२,५०० आणि इकडे ३०,४००. महिन्याला ३२ हजारांचा फरक आहे हा, आणि तो २० वर्षं दर महिन्याला आहे.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. काम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली जागा) ठरलेल्या मापात असेल तर १ टक्का, नाहीतर ५. ते माप मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर आहे, ठाणं त्यातच येतं, आणि नाशिकला ९० चौरस मीटर. म्हणजे इथे चांगला ऐसपैस २बीएचके सुद्धा १ टक्क्यात बसतो. तुझ्या हिशोबात ठाण्याचं घरही काम चालू असलेलं असेल तर तिकडे साडेचार लाख, नाशिकला ४४ हजार. पण पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस वगैरे धरून ४५ च्या आत राहतंय का ते बिल्डरकडून लेखी घे, नंतर वर गेलं तर ५ टक्के लागतील. आणि घर एकट्या वहिनींच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर घेतलं की ती मिळत नाही.

पंचवटी_पासधारक
मी ६ वर्षं नाशिकरोड ते ठाणे पंचवटी एक्सप्रेसने केलंय, पासधारकांच्या डब्यातली माणसं अजून घरच्यासारखी आहेत. सकाळी ७ च्या आसपास नाशिकरोड, दहाच्या सुमारास ठाणे, पुढे ट्रान्स हार्बर लोकल पकडून ऐरोली. संध्याकाळी सातच्या आसपास ठाण्यातून परत, स्टेशनवर उतरेपर्यंत पावणेदहा होतात आणि मग घर. आठवड्यात २ दिवस जमतं, रोज करू नकोस, मी शेवटच्या वर्षी पाठीने आणि झोपेने दोन्हीकडून मार खाल्ला. मुलगी जागी असताना मी घरी नसायचो, ते अजून लागतं मनाला.

म्हणून जागा बघताना नीट बघ. पाथर्डी फाटा मुंबई हायवेला चांगला पण ट्रेनसाठी लांब, पहाटे रिक्षा शोधत बसशील. ट्रेनने जायचं असेल तर जेलरोड, उपनगर, नाशिकरोड हे भाग बघ. गाडीने जाणार असशील तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) टप्पा जून २०२५ ला सुरू झालाय, तो जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा आहे ना त्यामुळे कसारा घाट टळतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडीचं ट्रॅफिक काही टळत नाही.

इंदिरानगर_ताई
दादा, तुमच्या बायकोचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याच्यावर कोणीच बोललं नाही. आम्ही ४ वर्षांपूर्वी पुण्याहून आलो. घर स्वस्त मिळालं, सासूबाई जवळ, मुलं मोकळी खेळतात, सगळं खरं. पण वर्षभरात ह्यांच्या कंपनीने सगळ्यांना ऑफिसला बोलावलं आणि इथे तेवढ्या पगाराचं काम मिळेना, अंबड सातपूरला कारखान्यांतल्या नोकऱ्या आहेत पण ह्यांचं काम सॉफ्टवेअरचं. शेवटी पगार कमी घेऊन बदलली नोकरी. हप्ता छोटा होता म्हणूनच निभावलं, पुण्याचा हप्ता असता तर घर विकावं लागलं असतं.

माझं म्हणणं, लगेच घेऊ नका. तुम्ही बघताय तसा २बीएचके आमच्या भागात १३-१४ हजार भाड्याने मिळतो, हप्ता ३० हजार. आधी ११ महिने भाड्याने राहून बघा, तेवढ्यात ऑफिसचं धोरणही कळेल. आणि उन्हाळ्यात राहून बघाच, आमच्या सोसायटीत एप्रिल-मे मध्ये टँकर येतो, मेन्टेनन्स त्या दोन महिन्यांत वाढतो.

सातपूर_कॉलनी
ताईंचं बरोबर आहे, फक्त २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्त्यांची कामं निघालीयत आणि बिल्डर लोक त्याच नावाने भाव वाढवून सांगतायत. घाबरून आत्ताच टोकन देऊ नकोस. रेडी घर बघत असशील तर कम्प्लीशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या घरावर जीएसटी लागतच नाही, तेही बघ.

गोदाकाठचा_ठाणेकर
ताई, तुमचा मेसेज बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली हे मी सहा महिने सांगतेय. भाड्याचं पटलं दोघांना. ठाण्यात आत्ता २४ हजार भाडं जातंय, म्हणजे वरचे १० हजार डाऊन पेमेंटला बाजूला पडतील. शनिवारी उपनगर आणि जेलरोडला घरं बघायला येतोय. तिकडे पाण्याचं उन्हाळ्यात कसं असतं, कोणी राहत असेल तर सांगा ना.