मदत हवी आहे: मास्टर चीफचं फोमचं चिलखत उन्हात सांध्यांवर उघडतंय

नमस्कार मंडळी,

मी जळगावची. 'हेलो' या गेममधल्या मास्टर चीफचं चिलखत हाताने करतेय, हेल्मेटपासून बुटांपर्यंत, आणि सोबत त्याची रायफल. दिवाळीपासून काम चालू आहे. छाती, पाठ, दोन्ही खांदे आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे दोन्ही भाग झालेत. मे लागला आणि खांद्याचे सांधे एकेक करून सुटायला लागले. काल दुपारी डाव्या खांद्याची वरची पट्टी निम्म्यापर्यंत उघडलेली दिसली. तीन आठवड्यांचं काम होतं ते, रडू आलं. जरा लांबण लावून लिहिते, कारण चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली तेच मला कळत नाहीये.

मुख्य थर १० मिमी ईव्हीए फोमचा आहे. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून अंथरतात ती जाड मॅट. वरच्या नक्षीला ५ मिमीची शीट, चपलांचं सामान मिळतं त्या दुकानातून आणलेली. चिकटवायला चप्पल-बूटवाले वापरतात ते पिवळं सोल्युशन. कटर, पॉलिश पेपर आणि एक हीट गन.

साचे पेपाकुराचे, म्हणजे त्रिमितीय मॉडेल उलगडून कागदावर छापायचं. सगळ्यात जास्त वेळ मापातच गेला. चिलखतासकट चीफ सात फुटांच्या वर, मी पाच फूट तीन इंच. सरसकट एकाच प्रमाणात लहान केलं तर हात बसतो पण छाती बसत नाही, म्हणून प्रत्येक भागाचं प्रमाण वेगळं काढलं. शिवाय हे साचे कागदासाठीचे, आणि कागदाला जाडी नसते. पहिला हात केला तेव्हा मनगट आतच जाईना. मग आईने (ती ब्लाउज शिवते) माझ्याकडून हिशेब करवून घेतला: १० मिमी फोम दोन्ही बाजूंनी मिळून आतला व्यास २ सेंमीने खातो, म्हणजे घेर सव्वासहा सेंमीने कमी होतो. अस्तर लावताना जसं माप सोडतात तसं इथेही सोडावं लागतं. खांद्याची गोलाईसुद्धा तिच्या टक्समुळे जमली. फोममध्ये पाचरीसारखे काप घेऊन कडा जोडल्या की तो आपोआप वाटीसारखा उठतो. पहिल्या दिवशी "हाई काय शे व माय?" म्हणून विचारणारी आई आता माझ्याआधी कटरचं पातं मोडून नवं टोक काढते.

खांद्याचा क्रम असा होता. तुकडे कापले, कडांना ४५ अंशांचा काप दिला, दोन्ही कडांना सोल्युशन लावलं, लगेच जोडलं, घट्ट दाबून धरलं. पूर्ण खांदा जोडून झाल्यावर बाहेरून हीट गन फिरवली, पृष्ठभागाची छिद्रं बंद होऊन चकाकी येईपर्यंत. मग पांढरा गोंद पाण्यात कालवून चार हात आणि त्यावर रंग. तयार भाग गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवते, घरात जागा नाही. बाहेर ४४ अंश असतात, आत किती होत असतील ते तुम्हीच समजा.

दोष सोल्युशनचा, फोमचा, खोलीचा की माझ्या हाताचा? यंदा मुंबईच्या कॉमिक कॉनला (कॉमिक्स-गेमप्रेमींचा मेळा, तिथे पात्रांचे वेश करून जातात) हे घालून जायचंच आहे.

आणखी दोन अडचणी. हेल्मेटच्या सोनेरी काचेसाठी बाइकच्या हेल्मेटची मर्क्युरी वायझर (आरशासारखी चकाकणारी पुढची काच) आणली. चीफची काच जास्त रुंद आणि कमी वळलेली आहे. गरम करून सपाट करू का? आणि रायफलच्या मागच्या पडद्यावर शिल्लक गोळ्यांचा आकडा दिसतो. २००१ च्या पहिल्या गेममध्ये मॅगझिन ६० गोळ्यांचं होतं, मला तोच '६०' पेटलेला हवा आहे. दोन लहान दिवे पॉवर बँकेवर लावून पाहिले, तर अर्ध्या मिनिटात विझतात. वायर तीनदा तपासली.

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, मी चपला-बुटांच्या कामातला माणूस आहे, वडिलांपासून हेच करतो. गेम माहीत नाही, सोल्युशन माहीत आहे.

पहिली चूक 'लगेच जोडलं' ही. हे सोल्युशन ओलं असताना चिकटवायचं नसतं. दोन्ही कडांना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावलं तर बोटाला काही येता कामा नये. मग जोडायचं, आणि जोडताना नेम चुकवायचा नाही, कारण एकदा लागलं की सरकत नाही. ओलं जोडलं तर आतला द्राव अडकून राहतो, वरून पक्कं वाटतं पण आत साय धरल्यासारखं मऊच असतं. कापलेली फोमची कड पहिला थर पिऊन टाकते, तिथे दुसरा थर द्या. मॅटच्या गुळगुळीत बाजूवर काही चिकटवायचं असेल तर आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या.

दुसरी चूक हीट गनची. सोल तळाला बसवताना आम्ही वाळलेलं सोल्युशन मुद्दाम गरम करतो, कारण उष्णतेने ते परत जागं होतं. तुम्ही जोडलेल्या सांध्यावर गरम हवा मारली म्हणजे तो सांधा स्वतःच सैल केलात. छिद्रं बंद करायची ती सुटे तुकडे असतानाच.

आणि आकारही त्याच वेळी द्या. तुकडा गरम करा, गुडघ्यावर किंवा डब्यावर वाकवा, गार होईपर्यंत तसाच धरा. गार झाल्यावर तो त्याच वळणात राहील. तुमचा फोम सपाट व्हायला बघतोय आणि सांधा त्याला ओढून धरतोय, असं महिनोन्महिने चाललंय. पत्र्याच्या खोलीत सोल्युशन मऊ पडलं की फोम जिंकतो. आधी वळवलेल्या तुकड्यांच्या सांध्यावर ताणच राहत नाही.

हे काम गच्चीवर उघड्यावरच करा. त्याच्या वाफेने डोकं गरगरतं आणि कापडी मास्क ती वाफ अडवत नाही. आईच्या शिवणाच्या खोलीत तर अजिबात नको.

प्रतिसाद, भुसावळहून

वायझर गरम करू नका. वरचा आरशासारखा थर फार पातळ असतो, त्याला तडे जातात आणि खालच्या प्लॅस्टिकला बुडबुडे येतात. मी एक वाया घालवून शिकलोय. कागदाचा साचा करून काच कापा आणि हेल्मेटच्या आतून बसवा. चीफच्या काचेचा आकार बाहेरच्या चौकटीमुळे दिसतो, आतली काच थोडी जास्त वळलेली असली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. श्वासाची वाफ काचेवर धरणार हे मात्र नक्की. हनुवटीजवळ ५ व्होल्टचा छोटा पंखा बाहेरच्या दिशेने फुंकणारा लावा, कपाळाजवळ हवा आत यायला फट ठेवा.

पॉवर बँकेचं कारण सोपं आहे. बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज खेचली गेली की मोबाइल भरला असं समजून स्वतःहून बंद होतात. तोच पंखा आणि दिवे एकाच बँकेवर लावले तर बहुतेक चालू राहील. रायफल वेगळी असल्याने तिला तीन पेन्सिल सेलचा डबा द्या, प्रत्येक दिव्याला रेझिस्टर (दिव्यात जास्त वीज जाऊ न देणारा छोटा भाग) लावून.

रेल्वेने जाणार असाल तर रायफल तीन तुकड्यांत सुटेल अशी करा आणि कापडात गुंडाळून बॅगेत ठेवा. फलाटावर बाहेर काढूच नका. दुरून पाहणाऱ्याला ती फोमची आहे हे कसं कळणार?

प्रतिसाद, जळगाव एमआयडीसीतून

मी पाइपाच्या कारखान्यात आहे. रायफलला आतून कणा हवा, नाहीतर ती उन्हात मधोमध वाकेल. अर्धा इंची पीव्हीसी पाइप नळीच्या टोकापासून दस्त्यापर्यंत टाका. मांड्यांच्या भागातही आतून पीव्हीसीच्या पट्ट्या देता येतील. आपल्याकडे केळीच्या बागेत पाइपाचं तोंड गरम करून फुगवतात, पाहिलं असेल. ८० अंशांच्या पुढे पाइप मऊ पडतो, तेव्हा हवं तसं वाकवता येतं. पण जाळावर धरू नका. करपला की आम्लाचा धूर निघतो, तो छातीत जायला नको. उकळत्या पाण्यात बुडवणं सगळ्यात चांगलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. धुळ्याचे दादा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी तुला आधी इस्त्री कर, मग शीव म्हणून सांगत होते ना?" खरंच सांगत होती, मला त्याचा फोमशी संबंध लागला नव्हता.

डावा खांदा पूर्ण सोडवला. सुटलेल्या कडांवर सोल्युशन खरोखरच मऊ, बोटाला लागणारं होतं. ते खरवडून काढलं, तुकडे गरम करून स्वयंपाकघरातल्या पातेल्यावर वळवले, गार होऊ दिले, मग पंधरा मिनिटं थांबून जोडले. पाच दिवस तो मुद्दाम पत्र्याच्या खोलीतच ठेवला आणि शेजारी हात न लावलेला उजवा. उजव्याची आणखी एक पट्टी सुटली. डाव्याचे सगळे सांधे शाबूत आहेत, फक्त अगदी टोकाला एका ठिकाणी नखाएवढी फट आहे. तिथे काप ४५ अंशांचा झालाच नव्हता, पातं बोथट होतं.

उजवा उद्या सोडवायला घेते. तयार भाग आता आईच्या कपाटावर, चादरीत गुंडाळून. पंखा आणि दिवे एका बँकेवर लावल्यावर तासभर चालले.

भुसावळचे दादा, काच आतून बसवायला तुम्ही काय वापरलंत? सोल्युशनने तिचा आरसा खराब होईल अशी भीती वाटते, आणि माझ्याकडे दुसरी वायझर नाही.