सह्यांचं निवेदन द्यायचंय, पण पहिली सही कोण करणार?

हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगला आहे. मे महिन्यात पारा 45 वर, वर पत्र्याचं शेड. टाकीचं पाणी इतकं तापते की घोट गिळवत नाही. परवा सोबतच्या ताईला लाइनवरच भोवळ आली. चिडलेत सगळेच, पण पहिलं नाव कोणालाच नको. काय करू?

— ताई, मागण्या मधे लिहा, सह्या भोवती गोलात घ्या. पहिला कोण, कळतच नाही.

— मागण्या दोनच ठेवा: थंड पाणी अन् शेडमधली उष्णता कमी करणं. 250 पेक्षा जास्त कामगार असले तर उन्हाळ्यात थंड पाणी द्यायचंच, हे 1948 च्या कारखाना कायद्यातही होतं. पोचपावतीशिवाय कागद सोडू नका. प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्याला द्या.

— कंत्राटी पोरांनाही विचारा बरं. त्यांना कोणी विचारतच नाही.