कार कंपन्या परत आल्या की टूरिंग कार रेसिंग (रोडवरच्या मॉडेलवरून बनवलेल्या गाड्यांची) सुधारेल? अजिबात पटत नाही

लेटब्रेकर:
शेजारच्या धाग्यावर टर्बोदादाने ठोकून दिलंय की नियम मोकळे करा, कंपन्यांना पैसा ओतू द्या, नव्वदच्या दशकाचे दिवस परत येतील. दोन ओळीत उत्तर देणार होतो पण राहवलं नाही. ते दिवस संपले कसे ते पण सांगा ना. १९९६ ची आयटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय टूरिंग कार सिरीज, ओपेल, अल्फा, मर्सिडीज, तीनच कंपन्या, ओपेलच्या कॅलिब्रात ट्रॅक्शन कंट्रोल काय, हायड्रॉलिक्सवर चालणारा गिअरबॉक्स काय, रेस घ्यायला पार ब्राझीलचं इंटरलागोस आणि जपानचं सुझुका गाठलं, आणि सीझन संपल्यावर ओपेल आणि अल्फाने गाशा गुंडाळला तशी सिरीजच मेली. सुपर टूरिंग या नव्वदच्या दशकातल्या नियमांचं तेच. २००० साली बीटीसीसी या ब्रिटिश सिरीजच्या वरच्या क्लासमध्ये फोर्ड, होंडा, व्हॉक्सहॉल एवढेच फॅक्टरीवाले उरले होते, ग्रिड भरायला खालच्या क्लास बीच्या गाड्या. २०१४ ला डब्ल्यूटीसीसी या वर्ल्ड टूरिंग चॅम्पियनशिपने टीसी१ हे नवे नियम आणले, सिट्रोएन आली, त्यांच्या लोपेझने लागोपाठ तीन टायटल मारले, २०१६ संपलं आणि सिट्रोएन गायब. त्यानंतर डब्ल्यूटीसीसी एकच वर्ष टिकली. कंपनी बोर्डरूममध्ये ठरवते आणि निघते, खड्डा मागच्यांनी भरायचा.

टर्बोदादा:
जाण्याचंच रडगाणं. आल्या तेव्हा काय दिलं ते पण लिही. १९९४ ला व्होल्वोने ८५० ची इस्टेट ग्रिडवर उभी केली, १९९५ पासून रेनॉच्या लगुना फॉर्म्युला वनवाले विल्यम्स चालवायचे, अशा टीम आज कुठल्या टूरिंग सिरीजमध्ये दाखव. १९९४ लाच बीटीसीसीत अल्फा १५५ चा मागचा विंग उंच करायचे तुकडे रोडच्या गाडीबरोबर डिकीत सुटे द्यायचे म्हणून केवढं रणकंदन झालं, प्रोटेस्ट झाला, ओल्टन पार्कच्या ट्रॅकवरून अल्फावाले गाड्या घेऊन निघून गेले, तरी टायटल त्यांच्या टार्क्विनीनेच मारलं! नियमपुस्तक कोळून प्यायलेले इंजिनिअर होते ते. आता टीसीआर या टूरिंग क्लासमध्ये काय, जो जिंकेल त्याच्यावर वजन लादा, बीओपीने (गाड्या बरोबरीत आणायच्या नियमाने) पॉवर कमी करा, गाडी उंच करा. हुशारीला शिक्षा.

पिटलेनच्या_मागे:
वजनाचा विषय काढलासच तर ऐक. मी एका छोट्या प्रायव्हेट टीमकडे काही वर्षं डेटाचं काम केलंय. पॅसेंजर सीटच्या जागी फ्लोअरला बोल्ट केलेला डबा असायचा, त्यात शिशाच्या प्लेट्स, आणि शनिवारी रात्री त्या प्लेट्स मोजत बसलेला आमचा मेकॅनिक. शिव्या द्यायचा तो, पण जिंकणाऱ्यांच्या गाडीत तसल्याच प्लेट्स जास्त असायच्या, म्हणून आम्ही रविवारी पॉइंट्समध्ये असायचो. त्याआधी आम्ही फॅक्टरीने वापरून विकलेली गाडी घेतली होती. कंपनीने प्रोग्रॅम बंद केला, पुढच्या अपराइटसाठी (चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या भागासाठी) फोन केला तर उचलायला माणूस नाही, अर्धा सीझन गाडी स्टँडवर. हुशारीला शिक्षा म्हणे. आमच्या पैशाला कोणाची शिक्षा होती?

व्ही८वाला:
वजनाने काही होत नसतं. १९९२ ला ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टच्या रेससाठी निस्सान जीटी-आरवर वजन चढवलं, टर्बोचा बूस्ट आवळला, तरी तीच जिंकली, ते पण पावसात आपटून पडलेली असताना, रेड फ्लॅगने रेस थांबली आणि निकाल मागच्या लॅपवर धरला म्हणून. पब्लिकने बू केलं, जिंकलेल्या जिम रिचर्ड्सने पोडियमवरून शिवी हासडली. पुढच्या वर्षीपासून जुने ग्रुप ए नियम बंद, फोर्ड विरुद्ध होल्डन व्ही८ सुरू. नियम बदलायचे तर असे, मुळापासून!

पिटलेनच्या_मागे:
आणि होल्डन? २०२० ला जनरल मोटर्सने तो ब्रँडच बंद करून टाकला. तुझं उदाहरण लेटब्रेकरच्या बाजूचं आहे, नीट वाच.

व्ही८वाला:
नीट वाच मला सांगू नकोस, तुझ्या त्या शिशाच्या डब्यांचं कौतुक चाललंय तेव्हापासून गप्प बसलो होतो. होल्डन गेली तरी जनरल मोटर्सचीच कॅमॅरो आली, २०२३ ला जेन३ हे नवे नियम आले, पब्लिक तेच. पण पॅरिटीची, म्हणजे गाड्या बरोबरीत आहेत का याची, भांडणं थांबत नाहीत हे मान्य, फोर्ड मस्टँगवाले वर्षभर रडत होते.

टर्बोदादा:
बघा, बॅलन्स केलं तरी भांडण, नाही केलं तरी भांडण. मग निदान गाड्या तरी वेड्या असू देत.

लेटब्रेकर:
बॅलास्टवर, म्हणजे या लादलेल्या वजनावर, माझं पण पूर्ण समाधान नाही. बीटीसीसीने २०२२ ला वजन काढून त्याऐवजी पुढच्यांचे हायब्रिड बूस्टचे (बॅटरीच्या जादा ताकदीचे) सेकंद कापायला घेतले आणि २०२५ ला हायब्रिडच उपटून टाकलं. टीमने त्यावर केलेला खर्च कोण परत देणार? पण मूळ मुद्दा सोडू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये ऑडीने डीटीएम ही जर्मन सिरीज सोडायचं जाहीर केलं, मर्सिडीज २०१८ लाच गेली होती, एकट्या बीएमडब्ल्यूशी कोण रेस करणार, म्हणून २०२१ ला जीटी३, म्हणजे कस्टमर टीमना विकत मिळणाऱ्या स्पोर्ट्सकार, आणाव्या लागल्या.

टर्बोदादा:
आणि त्याच २०२१ ला, टीम कस्टमर, गाड्या कस्टमर, तरी नोरिसरिंगच्या ट्रॅकवर शेवटच्या रेसमध्ये मर्सिडीजच्याच दोन ड्रायव्हरांनी मर्सिडीजच्याच गोट्झला पुढे सोडलं आणि टायटल त्याच्या झोळीत पडलं. कंपनी समोरच्या दाराने काढलीत, मागच्या दाराने आत. त्यापेक्षा उघड नाव लावून लढू द्या.

लेटब्रेकर:
नोरिसरिंगचं दिलं तुला. टायटलचा दावेदार लॉसनला त्या दिवशी पहिल्याच वळणावर धडक बसली ते बघून मी टीव्ही बंद केला होता. उघड यायचं तर येऊ देत, पण गाडी कुठल्याही प्रायव्हेट टीमला त्याच स्पेकची विकायची, आणि प्रोग्रॅम बंद केला तरी त्या नियमांची मुदत संपेपर्यंत पार्ट्स पुरवायचे, आधीच लिहून द्यायचं. नाहीतर एंट्री नाही.

टर्बोदादा:
अशा अटीवर कोणती कंपनी येईल?

पिटलेनच्या_मागे:
जी येणार नाही ती अपराइटसुद्धा देणार नव्हती.