वादळांच्या पाठलागासाठी नवी गाडी: दुसरी बॅटरी कशी जोडू? मदत हवी आहे

लॅपटॉप, डॅशकॅम आणि ५० वॅटचा हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच), तिन्ही सध्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर. लॅपटॉप चार्जिंगला असताना रेडिओचं बोलायचं बटण दाबलं की १५ अँपिअरचा फ्यूज उडतो, नेमका ऐन मोक्याला. मोठा फ्यूज टाकणार नाही, वायर जळायची. म्हणून मागे १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली, साध्या आयसोलेटर रिलेवर (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा, बंद झालं की तोडणारा स्विच). पण अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी भरणारं जनित्र) स्मार्ट, म्हणजे व्होल्टेज आपणहून कमी-जास्त करणारा. मीटरवर कधी १४.४ व्होल्ट, कधी जेमतेम १२.६. तासन्‌तास गाडी चालवूनही बॅटरी अर्धवटच भरते. वॉरंटीमुळे मूळ वायरिंग कापायचं नाही. रिले काढून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (येणारा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी बॅटरीला हवा तेवढाच देणारा) लावला तर भागेल का? आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांपाशी लागेल की एकीकडेच?