माउंटन बाईक शर्यतीचा शेवटचा दिवस : तुमचे अनुभव लिहा

डोंगरातली आठ-दहा दिवसांची सायकल शर्यत करून आलं की लोक सगळ्यात मोठा चढ कुठला, सगळ्यात लांबचा दिवस कुठला, हेच विचारतात. शेवटच्या दिवसाबद्दल कुणी विचारत नाही. 'आता काय, झालंच की' असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. आदल्या सगळ्या दिवसांची वसुली शरीर त्याच दिवशी करतं. म्हणून हा धागा. ज्यांनी असा शेवटचा दिवस काढला आहे त्यांनी वर आपल्या गावाचं नाव टाकून लिहा, थोडक्यात लिहिलंत तरी चालेल. सुरुवात मी करतो.

पुणे

केप एपिक, दक्षिण आफ्रिका, मार्च २०१९. एक प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीचा छोटा टप्पा, आणि पुढे सात टप्पे, ६०० किलोमीटरहून जास्त अंतर, १६,००० मीटरहून जास्त चढ. ही शर्यत जोडीनं करायची असते आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड बसतो. त्यामुळे जो मागे पडतो त्याचाच वेग दोघांचा. वेताळ टेकडीवर आम्ही वर्षभर एकत्र सराव केला होता, तेव्हा जोडीदार नेहमी माझ्या पुढे असायचा. तिथे मात्र चौथ्या दिवसापासून तो मागे राहायला लागला. सॅडल सोअर, म्हणजे सीटच्या घर्षणानं होणाऱ्या जखमा, इतके वाढले होते की त्याला सीटवर धड बसता येत नव्हतं.

शेवटचा टप्पा स्टेलनबॉशहून पार्लजवळच्या वाल दे वीपर्यंत, ७० किलोमीटर. आदल्या दिवसांच्या मानानं लहान. पहाटे तंबूत तो बूट घालायला वाकला आणि तसाच थांबला. मी खाली बसून त्याच्या बुटांचे पट्टे आवळले. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

द्राक्षमळ्यांमधून जाताना उजाडलं, पुढे ऊन चढलं. साधारण २० किलोमीटर राहिले असताना एका उतारावर माझं मन शेवटच्या रेषेपाशी पोचलंसुद्धा होतं. मेडल, घरी फोन, हेच डोक्यात. सुट्या खडीच्या वळणावर पुढचं चाक सटकलं आणि मी आडवा. कोपर सोलवटलं, ते सोडा, पण डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर वाकला होता; ती यंत्रणा याच पट्टीवर सायकलला जोडलेली असते. जादा हँगर जोडीदाराच्या पाठपिशवीत होता. माझी बोटं इतकी बधिर झाली होती की ॲलन की धरवेना. दिवसभर जो कसाबसा माझ्या मागे येत होता, त्यानंच धुळीत मांडी घालून हँगर बदलला, चेन चढवली, गिअर लावून पाहिले आणि मला म्हणाला, "आता पुढचं वळण बघ, बाकी काही बघू नकोस."

तेवढंच केलं. एकेक वळण.

सातारा

मी नेपाळमधली याक अटॅक ही शर्यत केली. अन्नपूर्णेच्या वाटेनं जाते, थोरोंग ला ही ५,४१६ मीटरवरची खिंड ओलांडून. खिंडीच्या चढावर सायकल चालवायची नसते, खांद्यावर घ्यायची असते. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे मनाची तयारी तिथली झालेली असते. मला फसवलं ते शेवटच्या दिवसानं.

कागबेनीहून तातोपानी. नकाशावर पाहाल तर साठएक किलोमीटर आणि जवळपास सगळा उतारच, २,८०० मीटरवरून १,२०० च्या आसपास. पण ही काळी गंडकीची दरी आहे. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर. दिवस वर आला की उत्तरेकडचं कोरडं पठार तापतं, तिथली हवा वर उठते आणि दक्षिणेकडची हवा या अरुंद दरीतून वर खेचली जाते. म्हणजे तुम्ही खाली निघालात की वारा थेट तोंडावर. म्हणून तिथले लोक सांगतात, दहाच्या आत जोमसोम मागे टाका.

माझं ट्यूबलेस टायर नदीपात्रातल्या गोट्यांमध्ये कापलं गेलं. आतलं भोक बुजवणारं सीलंट उडून गेलं, भोकात प्लग बसेना, शेवटी ट्यूब घातली. त्यात पाऊण तास गेला आणि जोमसोमच्या पुढे वाऱ्यानं गाठलं. उतारावर पेडल मारतेय आणि सायकल जागची हलत नाही! दातांत वाळू करकरतेय. मार्फाच्या सफरचंदाच्या बागांपाशी एक नेपाळी रायडर मागून आला. त्यानं नुसतं कोपर हलवून 'माझ्या मागे लाग' अशी खूण केली. मग पाच मिनिटं तो पुढे, पाच मिनिटं मी. भाषा फारशी जुळत नव्हती, पण तुकुचेपर्यंत आमची लय बसली होती.

निघताना आजीनं सांगितलं होतं, "गंडकीला जातेस तर पाण्याला हात लाव, माझा नमस्कार सांग. शाळिग्राम उचलून आणू नकोस, देवघरात आहे तो पुरे." आदल्या संध्याकाळी कागबेनीला मी पाण्यात हात घालून तो नमस्कार पोचवला होता. दुसऱ्या दिवशी त्याच नदीच्या काठानं रडत-कुढत चालले होते आणि सारखं वाटत होतं की आजीला कळतंय.

घासा गावाच्या खाली दरी वळते, हिरवी होते. वारा मंदावला. श्वास भरून घेता यायला लागला, ओल्या मातीचा वास आला, अगदी कास पठाराकडून खाली उतरताना येतो तसा. तातोपानी म्हणजे गरम पाणी. रेषा ओलांडून बुटांसकट कुंडात पाय सोडले. तो नेपाळी भाऊ शेजारी येऊन बसला आणि सोललेलं संत्रं अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

नाशिक

मी रायडर नाही, मेकॅनिक. शिमल्याहून निघणाऱ्या एमटीबी (माउंटन बाईक) हिमालया शर्यतीला दोनदा मदतीला गेलो. ही शर्यत २००५ साली सुरू झाली. मला एकच सांगायचंय. शेवटच्या आदल्या रात्री सगळे सायकल धुतात, कारण दुसऱ्या दिवशी फोटो असतात. ब्रेक पॅड कुणी काढून बघत नाही. आठवडाभर चिखल आणि लांब उतार झाल्यावर पॅडवरचा थर नखाएवढा उरलेला असतो, काहींचा तर पत्रा डिस्कला लागलेला. आवाज येतो, पण तोपर्यंत रायडरचे कान त्या आवाजाला सरावलेले असतात. एका पोराला मी सुरुवातीच्या रांगेतून बाजूला घेतला. तो चिडला, "दादा, शेवटचाच दिवस आहे!" म्हटलं, म्हणूनच. चार मिनिटांत दोन्ही पॅड बदलून दिले. कृपा करून शेवटच्या दिवसासाठी नवे पॅड राखून ठेवा.

डोंबिवली

मी सायकल चालवत नाही, तरी लिहिते. नवरा हिमाचलमधल्या शर्यतीला गेला होता. आठ दिवस धड नेटवर्क नाही. शेवटच्या दिवशी दुपारी पावणेदोनला मेसेज आला, "पोचलो. तू जेवलीस का?" मी ऑफिसच्या जिन्यात बसून तो चार वेळा वाचला.

शेवटच्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलंय, पण आमच्याकडे तो दिवस लांबला. घरी आला तेव्हा त्याची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. हँडलवर तळहात दाबून नस दबते असं डॉक्टर म्हणाले, विश्रांतीनं येईल परत. तोवर त्याला चावी फिरवता येत नव्हती, भाकरी मोडता येत नव्हती. सकाळी लोकलची घाई असायची आणि मी त्याच्या शर्टाची बटणं लावत असायचे. तो मुकाट्यानं हनुवटी वर करून उभा राहायचा, आमच्या लेकासारखा.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी हात पुढे केला तर कॉलरचं बटण लावलेलं होतं.