‘सुसंगत नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

झरोका:
ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची मार्गदर्शिका मराठीत करते आहे. मूळ इंग्रजीत ‘इनकम्पॅटिबल’, ‘अनसपोर्टेड’ आणि ‘नॉट डिटेक्टेड’ असे तीन शब्द येतात आणि हाताशी असलेल्या शब्दसूचीत तिन्हींना ‘सुसंगत नाही’ हेच उत्तर. तीन वेगळे शब्द सुचवा. वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते शब्दावरूनच कळलं पाहिजे.

काजवा:
वेगळे हवेतच. तिसऱ्यापासून सुरू करतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर, विंडोज कुठे टाकायची हे विचारणाऱ्या पडद्यावर ड्राइव्हची यादी रिकामी दिसते. एसएसडी धडधाकट असते. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी हा इंटेलचा स्टोरेज कंट्रोलर चालू असल्याने ती त्याच्या आड गेलेली असते आणि सेटअपकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, नसतो. लॅपटॉपच्या मॉडेलसाठीचा आयआरएसटी (इंटेलचा स्टोरेज) ड्रायव्हर उतरवा, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा (नुसती ईएक्सई फाइल चालत नाही, आतली आयएनएफ लागते) आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो फोल्डर दाखवा. व्हीएमडी बंद केलं तरी ड्राइव्ह दिसते. पण त्यावरची आधीची विंडोज राखायची असेल तर तसं करू नका, ती ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दाखवून निळी पडते.
इथे ‘सुसंगत नाही’ छापलंत तर माणूस विनाकारण नवी एसएसडी आणेल. ‘सापडत नाही’ लिहा.

ताम्हण:
‘सापडत नाही’ला +१. पण ‘सुसंगत’ला एवढं झोडपू नका. सम् + गम्, म्हणजे सोबत जाणं. दोन गोष्टी एकमेकींसोबत चालतात, हाच तर अर्थ हवा आहे.

पारवा:
व्युत्पत्ती बरोबर, वापर नाही. मराठीत विधानं सुसंगत असतात, वागणं विसंगत असतं. यंत्राच्या भागांचा मेळ बसतो किंवा बसत नाही. ‘मेळ’ही संस्कृत मिल् वरूनच आलाय, म्हणजे शुद्धतेचीही अडचण नाही.
‘अनसपोर्टेड’साठी ‘असमर्थित’ मात्र कृपया नको, ते हिंदीतून उचललेलं आहे. मराठीत समर्थन मताचं किंवा कृतीचं होतं, प्रोसेसरचं नाही. विंडोज ११च्या अटींमध्ये इंटेलची साधारण ८वी पिढी किंवा त्यापुढची मागितली आहे. ७व्या पिढीचा प्रोसेसर तांत्रिकदृष्ट्या ती चालवू शकतो, फक्त बहुतेक मॉडेलं यादीत नाहीत. म्हणून ‘यादीत नाही’. उलट विंडोज ११च्याच २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या यंत्रसूचना कळाव्या लागतात. कोअर २ ड्युओमध्ये त्या नाहीत, तिथे ती बूटच होत नाही. खरं ‘इनकम्पॅटिबल’ हे.

काजवा:
सहमत, पण चौथी अवस्था राहिली: ‘बंद आहे’. टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारा, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) नाही असा संदेश येतो, तेव्हा ते बोर्डात असूनही बायॉसमध्ये बंद असण्याची शक्यता मोठी. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा. सुटं मॉड्यूल विकत घेण्याआधी हे बघाच. सिक्युअर बूटचंही (फक्त विश्वासू सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) तसंच. सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय, चालू असेल तर तो पर्याय बहुधा मिळतच नाही. सीएसएम बंद करण्याआधी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे का ते पाहा. असेल तर ती नव्या जीपीटी मांडणीत नेणारं ‘एमबीआर२जीपीटी’ आधी ‘व्हॅलिडेट’ने चालवून मगच ‘कन्व्हर्ट’ करा. क्रम उलटा झाला की जुनी विंडोज सुरू होत नाही.

ताम्हण:
अवांतर: ‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ का नाही? यंत्र चालवणारा तो चालक. सरळ मराठी शब्द असताना ही लाज कसली?

पारवा:
लाज नाही, गोंधळ टाळायचा आहे. ‘चालक सापडला नाही’ वाचून वाहन डोळ्यांपुढे येतं. शिवाय मग ‘फर्मवेअर’ला काय म्हणणार? लिनक्सवर वायफाय न चालण्यामागे बऱ्याचदा हाच फरक असतो. ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर त्या वायफायच्या चिपमध्ये चढवलं जातं आणि तिथेच चालतं. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा दिल्यावर कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ची ओळ दिसली, तरी काम संपत नाही. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. फाइल चढवता आली नाही अशी तक्रार असेल तर त्या फाइलचं नावही तिथेच मिळतं.

ताम्हण:
मग ‘चालक’ आणि ‘अंतःचालक’. फरक शब्दातच दिसतो.

काजवा:
‘अंतःचालक’ घेऊन कोणी नेटवर शोधलं तर त्याच्या हाती काही लागणार नाही. डेबियन या लिनक्सच्या १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३पासून, मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे त्यावर हा घोळ बराच कमी झालाय. त्याआधीच्या आवृत्तीसाठी ती फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर द्यावी लागते, आणि शोधताना ‘फर्मवेअर’ हेच टाइप करावं लागतं.

झरोका:
‘सापडत नाही’, ‘यादीत नाही’ आणि ‘बंद आहे’ घेतले. ‘इनकम्पॅटिबल’साठी ‘मेळ बसत नाही’ चाललं असतं, पण तिथे बटणावर दोनच शब्द मावतात.

ताम्हण:
‘विसंगत भाग’. दोनच आहेत.